शेजारीं बसणें आणि बरोबर शिकणें



'समावेशक शिक्षण' हा शब्द हल्लीं आपल्या कानांवरून वारंवार जातो. सरकारी परिपत्रकांत तो असतो, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत असतो, आणि ज्यांच्या घरीं न दिसणारें, न ऐकूं येणारें, चालतां न येणारें किंवा समजण्यास वेळ लागणारें मूल आहे, त्या आईबापांच्या तोंडींहि तो आतां बसूं लागला आहे. शब्द तोंडीं बसला कीं त्याचा अर्थहि आपणांस कळला असें वाटतें. मास्तरकी करणाऱ्या माणसास तर हा भ्रम फार लवकर होतो. मला स्वतःला तो पुष्कळ वर्षें होता. अपंग मुलाला निराळ्या शाळेंत न धाडतां गांवच्याच शाळेंत, इतर मुलांच्या शेजारीं, त्यांच्याच बांकावर बसविलें कीं आपलें कर्तव्य झालें, अशी माझी समजूत होती.

२०१६ सालीं आपल्या संसदेनें दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा केला, त्यांत या शब्दाची व्याख्या दिली आहे. कायद्यांतील व्याख्यांच्या मानानें ती फारच सोपी आहे. तिचे दोन भाग आहेत. अपंगत्व असलेले व नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतील, हा पहिला. आणि निरनिराळ्या प्रकारचें अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या गरजा भागतील अशा रीतीनें शिकविण्या-शिकण्याची पद्धति बदलून घेतलेली असेल, हा दुसरा. या दोहोंच्या मधें 'आणि' आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांस सांगत असूं कीं, बाबांनो, 'किंवा' असेल तर एक बाजू खरी ठरली तरी भागतें, 'आणि' असेल तर दोन्ही लागतात. हाच 'आणि' शाळांच्या कारभारांत मात्र बहुधा 'किंवा' म्हणून वाचला जातो. हीं दोन अर्धीं पूर्वीं एकमेकांपासून किती दूर होतीं, हें एका मुलाच्या शिक्षणाच्या हकीकतीवरून आज सांगावें असा माझा विचार आहे. त्या मुलाचें नांव लुई ब्रेल. त्याला आपण सारे लिपीचा जनक म्हणून ओळखतों; विद्यार्थी या नात्यानें त्याच्याकडे फारसें कोणी पाहिलेलें नाहीं.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजीं पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नांवाच्या खेड्यांत झाला. बाप खोगीर व घोड्यांचें चामडी सामान करणारा कारागीर. तीन वर्षांचें पोर १८१२ सालीं बापाच्या कामाच्या जागेंत शिरलें, चामड्याला भोंकें पाडण्याची आरी हातांत घेऊन खेळूं लागलें, आणि ती आरी निसटून त्याच्या डोळ्याला लागली. जखम चिघळली, रोग दुसऱ्या डोळ्यांत उतरला, आणि पांचव्या वर्षीं मूल पूर्ण आंधळें झालें. खेड्यांतील आंधळ्या मुलाची पुढची वाट त्या काळीं बहुधा ठरलेली असे. ती चर्चच्या पायरीपाशीं जाऊन संपे. या आईबापांनीं ती वाट धरली नाहीं. बापानें मुलासाठीं काठी करून दिली, आणि एका लांकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून अक्षरें काढून दिलीं, म्हणून बोटांनीं चाचपून मुलाला तीं ओळखतां येऊं लागलीं. हा बाप कांहीं शिक्षणशास्त्री नव्हता. हातांत हातोडी होती, खिळे होते, आणि मुलाला काय हवें हें त्याला दिसत होतें.

गांवांत पालुई नांवाचा नवा धर्मोपदेशक आला होता. त्यानें लुईला कांहीं दिवस स्वतः तोंडी शिकविलें, आणि मग शाळामास्तर बेशरे यास सांगून त्याला गांवच्या शाळेंत घालविलें. ज्या काळीं आंधळ्या मुलास शाळेंत घेण्याची कल्पनाहि कोणाला शिवत नसे, त्या काळीं एका खेड्यांतील मास्तरनें दार उघडलें, ही गोष्ट लहान नव्हे. त्या मास्तरविषयीं इतिहासांत दोन ओळींपलीकडे कांहीं नाहीं; पण आमच्या जातीचा माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. लुई हुशार होता. ऐकलेलें ध्यानांत ठेवी, उत्तरें देई, पुष्कळांच्या पुढेंहि राही. परंतु मास्तरनें "पुस्तकें उघडा" म्हटलें कीं बाकीच्यांचीं डोकीं खालीं वळत, आणि हा मुलगा रिकामे हात मांडीवर ठेवून बसे. व्याख्येचें पहिलें अर्ध कूव्रेच्या शाळेंत पुरें झालें होतें. दुसऱ्याचा तेथें पत्ता नव्हता.

दुसरें अर्ध पॅरिसला होतें, आणि त्याची सुरुवात एका जत्रेंत झाली होती. १७७१ सालीं पॅरिसच्या सेंट ओव्हिडच्या जत्रेंत कांहीं आंधळ्या माणसांचा ताफा वाजवावयास बसविला होता. त्यांना गाढवाच्या कानांच्या टोप्या घातल्या होत्या, नाकावर पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे चढविले होते, आणि पुढें संगीताचे कागद उलटे ठेवले होते. लोक पोट धरधरून हंसत होते. त्या गर्दींत व्हॅलेंतिन आउई नांवाचा पंचवीस वर्षांचा तरुण उभा होता. त्याला हंसूं आलें नाहीं. या माणसांस खरोखरच वाचतां आलें तर, हा विचार त्याच्या मनांत तेथें पडला, आणि तेरा वर्षांनीं, १७८४ सालीं, तो त्यानें अंमलांत आणला. चर्चच्या दाराशीं भीक मागणारा फ्रान्स्वा लेस्युअर हा आंधळा मुलगा त्याचा पहिला विद्यार्थी. शिकावयास बसला तर भिकेची मिळकत बुडते, म्हणून ती भरपाई आउईनें स्वतःच्या खिशांतून दिली. उपस्थिति-भत्त्याच्या आजच्या योजना काढणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १७८५ सालीं आउईची शाळा सुरू झाली; अंधांसाठीं निघालेली जगांतील ती पहिली शाळा होय.

फेब्रुवारी १८१९ मध्यें दहा वर्षांचा लुई या शाळेंत दाखल झाला. इमारत जुनी, दमट, आरोग्याला वाईट. पण येथें पुस्तकें होतीं! जाड कागदावर नेहमींचींच रोमन अक्षरें उठावानें छापलेलीं, तळहाताएवढ्या जागेंत थोडींशींच मावणारीं, आणि वजनानें जड. मुलें एकेका अक्षराची कड बोटानें फिरवून ओळखीत. वाक्याच्या शेवटाला पोंचेपर्यंत आरंभ विसरून जाई. शिवाय तीं पुस्तकें फक्त वाचावयाचीं. लिहिण्याची सोय त्या पद्धतींत नव्हती, कारण असलीं अक्षरें छापखान्यांतच उठत. आउईच्या कळकळीबद्दल तिळमात्र शंका नाहीं. पण त्यानें डोळ्यांसाठीं घडलेली लिपि बोटांपुढें मोठी करून ठेवली. बोटांना काय सोयीचें पडतें हें त्याला कोण सांगणार?

तें सांगणारा पुढें त्याच शाळेंतून निघाला. १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नांवाचा एक जुना तोफखान्याचा अधिकारी आपली टिंबांची लेखनपद्धति घेऊन शाळेंत आला. रेघांऐवजीं उठावाचीं टिंबें. प्रत्येक आकृतींत सहासहांच्या दोन उभ्या रांगा, म्हणजे बारा टिंबांपर्यंत. मुलांना एकदम जाणवलें कीं बोटाला रेघेपेक्षां टिंब लौकर कळतें. पण बारा टिंबांची आकृति एका बोटाच्या टोकाखालीं मावत नसे. शिवाय ती उच्चारावर बसविलेली होती. तिच्यांत शुद्धलेखन नव्हतें, विरामचिन्हें नव्हतीं, आंकडे नव्हते. बारा-तेरा वर्षांच्या लुईनें या उणिवा ओळखल्या आणि पुढचीं दोन-तीन वर्षें, दिवसाचा अभ्यास आटोपल्यावर व सुट्टींत घरीं, तो तीच गोष्ट घोळीत बसला. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्याचा उलगडा झाला. बाराच्या जागीं सहा टिंबें, तीनतीनांच्या दोन रांगा. बोट न हलवितां सबंध अक्षर एकदम कळावें.

आमच्यासारख्या अंकगणित शिकविणाऱ्याला या योजनेचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. सहा टिंबांपैकीं कोणतीं उठवावयाचीं हें ठरवितां त्रेसष्ट निरनिराळ्या आकृति होतात. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार टिंबांतच बसविलीं. पुढच्या दहांत तींच, फक्त डाव्या बाजूचें खालचें टिंब अधिक. त्याच्या पुढच्यांत उजव्या बाजूचेंहि. म्हणजे दहा पाठ केलीं कीं बाकीचीं पाउणअधिक आलींच. लिहावयास भोंकें असलेली पट्टी व एक बोथट टोचणी पुरे. टोचणीनें कागदाच्या मागून टोचावयाचें असल्यामुळें उजवीकडून डावीकडे लिहावें लागतें, आणि कागद उलटला कीं डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. ज्या आरीनें डोळे गेले, तिच्याच जातीचें हें हत्यार आहे, हें पुष्कळांनीं म्हटलें आहे. मला त्यापेक्षां बापाच्या त्या गोल डोक्याच्या खिळ्यांची आठवण अधिक येते.

१८२९ सालीं ब्रेलनें आपल्या पद्धतीचें पुस्तक काढलें. गंमत अशी कीं, टिंबांची लिपि समजावून देणारें हें पुस्तक जुन्या, उठावाच्या रोमन अक्षरांतच छापावें लागलें. तोंवर तो त्याच शाळेंत शिकवूंहि लागला होता. मुलांनीं पद्धति उचलून धरली. प्रथमच त्यांस टिपणें काढतां येऊं लागलीं, हिशेब लिहितां येऊं लागले, एकमेकांस चिठ्ठ्या देतां येऊं लागल्या. प्रमुख पिन्ये याचा या प्रयोगास पाठिंबा होता. पण १८४० सालीं त्याच्या जागीं द्यूफो आला आणि त्यानें टिंबें बंद करून पुन्हां रोमन अक्षरें चालू केलीं.

द्यूफोला खलपुरुष ठरविणें सोपें आहे. तसें करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें नीट ऐकावें असें मला वाटतें, कारण आजच्या आपल्या विषयाची गांठ तेथेंच आहे. अंधांची लिपि डोळसांहून निराळी झाली तर अंध मनुष्य समाजापासून आणखी तुटेल. दोघांस एकच अक्षर वाचतां यावें, ही त्याची इच्छा. म्हणजे तोहि आपल्या परीनें समावेशाचीच बाजू मांडीत होता! चूक एवढीच कीं, 'एकत्र' याचा अर्थ त्यानें 'एकसारखें' असा केला, आणि सारखेपणाचें माप डोळसांच्या सोयीनें ठरविलें. जें अक्षर मास्तरला दिसतें तेंच मुलाला कळलें पाहिजे, हा हट्ट. मुलांनीं तो मानला नाहीं. तीं आपसांत टिंबांनींच लिहीत-वाचीत राहिलीं. शेवटीं शाळेंतील ग्वादे या अधिकाऱ्यानें द्यूफोचें मन वळविलें. फेब्रुवारी १८४४ मध्यें नव्या इमारतीच्या उद्घाटनसमारंभांत ग्वादेनें ब्रेलच्या पद्धतीची माहिती जाहीर रीतीनें सांगितली. ब्रेल सभेंत हजर होता, क्षयानें पोखरलेला. ६ जानेवारी १८५२ रोजीं तो वारला, आणि दोन वर्षांनीं, १८५४ सालीं, फ्रान्सनें ती लिपि अंधांच्या शिक्षणासाठीं अधिकृत केली.

द्यूफोच्या शंकेचें उत्तर ब्रेलनें त्याच्या नेमणुकीच्या आधींच देऊन ठेवलें होतें, पण तें कोणाच्या फारसें ध्यानांत राहिलें नाहीं. १८३९ सालीं त्यानें आणखी एक पद्धति प्रसिद्ध केली: दहा टिंबांच्या उंचीच्या जाळींत नेहमींच्या रोमन अक्षरांचे आकार टोंचून काढावयाचे, म्हणजे तें लेखन डोळसांस सरळ वाचतां येईल. ती वाचण्यासाठीं नव्हे, घरच्या माणसांस पत्र लिहितां यावें यासाठीं. त्याच शाळेंत शिकलेल्या पिएर फूको या अंध गृहस्थानें १८४१ सालीं तिच्यासाठीं एक यंत्रहि केलें. डोळसांच्या जगाशीं दुवा हवाच होता. तो जोडतांना स्वतःची लिपि सोडण्याची गरज नव्हती, इतकेंच.

न ऐकूं येणाऱ्या मुलांच्या इतिहासांत हाच हट्ट अधिक काळ टिकला. १८८० सालीं इटलींत मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळजवळ सारे ऐकूं येणारे. त्यांनीं ठराव केला कीं बहिऱ्या मुलांस हातांच्या खुणांनीं शिकवूं नये, ओठ पाहून व तोंडानें बोलूनच शिकवावें. म्हणजे तीं समाजांत मिसळतील. कित्येक देशांतील शाळांतून त्यानंतर मुलांच्या हातांवर बंदी आली. १३० वर्षांनीं, २०१० सालीं, व्हँकूव्हरच्या परिषदेनें त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोंवर कित्येक पिढ्या शिकून गेल्या होत्या, किंवा न शिकतां गेल्या होत्या.

आपल्या देशांत बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा मुंबईस १८८५ मध्यें निघाली, अंधांची अमृतसरला १८८७ मध्यें अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनीं काढली, आणि मुंबईस १९०० सालीं अ‍ॅना मिलर्ड यांनीं. या शाळांस आज कोणी नांवें ठेवूं लागला तर मला रुचत नाहीं. ज्या काळीं गांवच्या शाळेचें दार बंद होतें, त्या काळीं हीं दारें उघडीं होतीं. पण आपल्याकडे टिंबांच्या लिपीचीहि प्रांतोप्रांतीं निरनिराळी तऱ्हा होती. ती मोडून सर्व भारतीय भाषांस एकच 'भारती ब्रेल' १९५१ सालीं ठरली. लुईच्या नांवाचें आद्याक्षर, डाव्या रांगेचीं तिन्ही टिंबें, तेंच आपल्या 'ल'चें. 'कमल' हा शब्द अंध विद्यार्थी पॅरिसच्याच क, म, ल या तीन खुणांनीं लिहितो. आणखी एक मौज. बालबोधींत 'कि' लिहितांना वेलांटी आपण 'क'च्या आधीं काढतों आणि उच्चारतों मागून. या घोळानें पहिलीच्या मुलांनीं मला किती छळलें आहे! ब्रेलमध्यें वेलांटी उच्चाराच्या क्रमानेंच, 'क'च्या नंतर येते.

त्यापुढची हकीकत कागदोपत्रीं फार आहे, ती थोडक्यांत सांगतों. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें, जितक्या अपंग मुलांस सामान्य शाळांतून शिकवितां येईल तितक्यांस तेथें शिकवावें असें सुचविलें. १९७४ सालीं केंद्र सरकारनें त्यासाठीं योजना काढली. १९९४ च्या जूनमध्यें स्पेनांत सालामांका येथें ९२ सरकारांचे व २५ आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रतिनिधि जमले, आणि शाळेनें मुलाला जुळवून घ्यावें हें तत्त्व त्यांनीं स्पष्ट मांडलें. त्याच स्पेनांत सोळाव्या शतकांत पेद्रो पोन्से दे लेओन हा संन्यासी ओन्या येथील मठांत सरदारांच्या बहिऱ्या मुलांस लिहावयास व बोलावयास शिकवीत असे; फक्त सरदारांच्या, कारण शिकविण्याचा खर्च त्यांनाच झेपे. आमच्या देशाचे कायदे १९९५, २००९ व २०१६ चे. शेवटच्या कायद्यानें एकवीस प्रकारचें अपंगत्व मानलें, ठरलेल्या मर्यादेपलीकडचें अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि अंध व बहिऱ्या मुलांस त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेंत व साधनांनीं शिकवावें असें सांगितलें. मिलानला हें उत्तर पोंचावयास इतकीं वर्षें लागलीं.

आतां माझ्या स्वतःच्या वर्गांतील एक गोष्ट सांगून पुरें करतों. माझ्या उमेदीच्या काळांत पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. जन्मापासून दिसत नव्हतें. घरचे त्याला रोज हाताला धरून आणीत. पाढे त्याचे सर्वांत चोख, कविता एकदां ऐकली कीं पाठ. मी अधिकाऱ्यांपुढें त्याला उभा करून पाढे म्हणावयास लावीत असें आणि मनांत सुखावत असें. त्याच्यावर ओझें नको म्हणून भूगोलाचे नकाशे मीं त्याला माफ केले होते. त्या तासाला तो खिडकीशीं बसून राही. इतरांनीं नकाशे भरावयास घेतले कीं वर्ग शांत होई, आणि त्या शांततेला मी शिस्त समजत असें.

एके दिवशीं त्यानें विचारलें, "गुरुजी, नकाशा हाताला कसा लागतो?"

मीं सांगितलें कीं कागदासारखा लागतो. तो म्हणाला, "मग त्यांत ह्यांना नद्या कशा सांपडतात?"

मला उत्तर सुचलें नाहीं. कूव्रेच्या खोगीर करणाऱ्याची गोष्ट मीं तेव्हां वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी सुचतें असें म्हणवत नाहीं. वर्गांतल्या एका मुलीनें मात्र दोन दिवसांनीं पुठ्ठा आणला. आम्ही त्यावर महाराष्ट्राची हद्द खळीनें सुतळी चिकटवून काढली, नद्यांना दोरा लावला, सह्याद्रीला चिंचोके. समुद्राच्या जागीं तिनें पॉलिश-कागद चिकटविला, कारण तो हाताला खरखरीत लागतो. माझ्या मतें समुद्र गुळगुळीत हवा होता, पण मला कोणी विचारलें नाहीं. नकाशा वाळला तेव्हां मुलांनीं डोळे मिटून गोदावरी शोधण्याची पैज लावली. एकालाहि ती धड सांपडेना. तो मुलगा चिंचोक्यांपासून निघून दोऱ्यावरून बोट नेत नेत सुतळीपर्यंत गेला, थांबला, आणि परत येऊन चिंचोक्यांच्या दुसऱ्या बाजूला अंगठा ठेवून म्हणाला, "कोंकण एवढंच?"

पुढें तो नकाशा मीं भिंतीवर टांगावयास निघालों, तेव्हां मुलांनीं ओरड करून मला थांबविलें. मग तो खिडकीपाशीं, बांकावर, हाताला येईल असा ठेवला.